वहिनीचा पाय

सोमवार, ४ मार्च

वहिनीचा पाय पट्टीवर नव्हताच! मी शेजारच्या टेबलावर घड्या घालत होते. ती उजव्या पायाने डावी पोटरी खाजवत, हाताने चादरीची सुरकुती काढत होती. तेवढ्यात इस्त्रीच्या यंत्राचं तापलेलं झाकण खाली आलं. पायाने पट्टी दाबल्याशिवाय ते येत नाही, असं सगळ्या म्हणतात. म्हणू देत. मी पाहिलंय.

उजवा हात मनगटापर्यंत भाजला. दादा दवाखान्यात तिच्याजवळ आहे. चिमी 'आई आई' करत आत्ता कुठे झोपली.

मंगळवार, ५ मार्च

आज 'गोल' झाला. लॉन्ड्रीत काही बिनसलं की सुपरवायझरबाई सगळ्यांना टेबलाभोवती बसवतात. एकेकीने सांगायचं. कुणाचं वेगळं निघालं की पुन्हा पहिल्यापासून. "सगळ्यांचं एक झालं की तेच खरं," म्हणतात बाई. हरवलेल्या टॉवेलांपुरतं ठीक आहे. पण हे?

बाकीच्यांची तर यंत्राकडे पाठ होती! बॉयलरवरच्या मावशी म्हणाल्या, पाय पडला असेल. पुढचीने सांगितलं, पडला. तिच्या पुढचीला तर चपलेचा आवाजही आला होता!

मी पोटरीचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "तू नणंद तिची. तू असंच बोलणार." नातं आहे म्हणून माझे डोळे फुटले का? गोल पुन्हा सुरू. पुन्हा तेच. सुटायची वेळ टळून गेली, सगळ्या माझ्याकडे खाऊ का गिळू बघायला लागल्या. मी शब्द बदलला नाही. शेवटी बाईंनी मला वगळलं आणि सगळ्यांचं एक झालं म्हणून जाहीर केलं.

गुरुवार, ७ मार्च

बँडेज बांधलेल्या हातानिशी वहिनीला गोलात बसवलं. आधी म्हणाली, "झाकण आलं एवढंच कळलं." मग सगळ्यांचं ऐकलं. दुसऱ्या फेरीला म्हणाली, "पडला असेल पाय." तिसऱ्या फेरीला रडायलाच लागली — माझीच चूक, माझाच पाय.

कामावरून काढलं तिला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. घरी दादा माझ्यावरच उखडला. "ती स्वतः कबूल करतेय. तुझं काय मध्येच?"

शनिवार, ९ मार्च

वहिनी शेजारच्या काकूंना सांगत होती, यंत्राच्या पट्टीचा गारवा तळपायाला लागलेला अजून आठवतो.

"वहिनी, अगं पायात चपला होत्या तुझ्या!"

"काढल्या असतील."

मी उठून बाहेर गेले. आणखी बसले असते तर तिलाच काहीतरी लागेल असं बोलले असते.

मंगळवार, १२ मार्च

त्या यंत्रावर आता मला उभं केलंय. मुद्दाम. मी झाकणाखाली हात घालत नाही, लाकडी काठीने सुरकुत्या काढते. काम मागे पडतं. बोलणी खाते.

शुक्रवार, १५ मार्च

पडलं! मी पाणी प्यायला गेले होते. यंत्रापाशी चिटपाखरू नव्हतं आणि झाकण धाडकन खाली! मेकॅनिकने उघडून पाहिलं. "स्प्रिंग तुटलीये. आजची नाही ही, बरीच जुनी आहे."

लगेच गोल. मावशी म्हणाल्या, आम्हाला तेव्हाच शंका आली होती. मग काय, सगळ्यांनी री ओढली. चपलेचा आवाज ऐकणारीनेसुद्धा! पहिल्याच फेरीत सगळ्यांचं एक. लाज नाही वाटत?

धावतच घरी आले. वहिनी डाव्या हाताने चिमीला भरवत होती. सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "तुझ्या वेळी स्प्रिंग असेल गं. माझ्या वेळी माझा पाय होता."

किती ओरडले मी तिच्यावर! चिमी घाबरून रडली.

सोमवार, १८ मार्च

नवी स्प्रिंग बसली. सुपरवायझरबाई स्वतः घरी येऊन वहिनीला कामावर बोलावून गेल्या. वहिनी नको म्हणाली. हात बरा झाला की येईल, असं मीच सांगून टाकलं.

मंगळवार, १९ मार्च

संध्याकाळी खाली निघालो. चिमी वहिनीच्या डाव्या कडेवर होती, नेहमीसारखी. जिन्याच्या तोंडाशी वहिनी थांबली आणि चिमीला माझ्याकडे दिलं.

"तूच घे हिला. माझ्या पायाचा भरवसा नाही."