हनुवटीवरचं गोंदण

नाशिक

प्रिय आईला तेजलचा नमस्कार.

मी बरी आहे. डबा चांगला मिळतो. तुझी कंबर कशी आहे?

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते. आमच्या कॉमिक्सच्या ऑफिसात नवे संपादक आलेत. तुझा चेहरा देऊन मी काढलेली ती उडणारी बाई त्यांना गोरी, सडपातळ हवी. हनुवटीवरचं तुझं गोंदणही काढून टाक म्हणाले. मी लगेच पुसलं.

"चेहरा कोणाचा होता?" त्यांनी विचारलं.

"कोणाचाच नाही," म्हणाले मी. नोकरीच्या भीतीनं नाही गं, सगळे बघत होते म्हणून.

हरसूलच्या बाजारात भाजी विकताना तू गिऱ्हाइकांना जुना अंक दाखवतेस ना? तोच दाखव. नवा मागू नकोस.

दिवाळीला येते. आधी भांड, मग जेवायला वाढ.

तुझीच,
तेजल