लिंबूबाईंचे दोनशे ग्लास

सोमवार, ४ मार्च

आज एक बाई आल्या. तीस तारखेला फळांच्या रसाचं दुकान उघडतायत. दोनशे काचेचे ग्लास हवेत, त्यावर रंगीत चित्र – कापलेलं लिंबू, हिरवं पान, लाल चोचीचा निळा पक्षी. चित्र स्वतःच काढलंय. पक्षी थेट कोंबडीसारखा दिसतो. मी म्हटलं, झकास! गिऱ्हाइकाला मी असं कधी म्हणत नाही.

"छापणार कसं?" त्यांनी विचारलं. एरवी मी दोन वाक्यांत उरकतो. आज पाऊण तास बोललो! मशीनवर एका दिवसात काम होतं, पण रोज घासून रंग उडतो. डिकाल म्हणजे चित्र आधी कागदावर छापायचं, पाण्यात भिजवून काचेवर सरकवायचं, मग भट्टीत भाजायचं – ग्लास फुटेल, पण लिंबू जाणार नाही. तिसरी जाळीची छपाई, थेट ग्लासवर. दर रंगाला वेगळी जाळी, दर रंग वेगळा पास करायचा.

"म्हणजे दर रंगाला मला यावं लागेल?"

"यावं लागेल," मी म्हणालो.

काही यावं लागत नाही. बावीस वर्षं मीच पास करतोय. पण त्यांनी जाळीच निवडली!

मंगळवार, ५ मार्च

अक्का भडकली. थोरली बहीण – कारखान्याच्या किल्ल्या आणि माझी अक्कल, दोन्ही तिच्याच ताब्यात. "गोल ग्लासवर चार रंग, जाळीनं? डोकं ठिकाणावर आहे का? पानाचा हिरवा जाईल चोचीवर!" मी म्हटलं, चांगल्या कामाला कष्ट पडतातच. ती माझ्याकडे बघतच राहिली.

शुक्रवार, ८ मार्च

पिवळा पास. एक तास लागला. चहा दोनदा.

शनिवार, ९ मार्च

हिरवा. जाळी सरकली, पान लिंबापासून अर्धं बोट लांब! मी शरमलो. बाई म्हणाल्या, "वाऱ्यानं उडालं असेल." आम्ही दोघं इतके हसलो की भट्टीवाले काका धावत आले – काय फुटलं म्हणून. मला हसताना त्यांनी पाहिलेलंच नाही म्हणे.

घरी त्या आणि त्यांची आई, दोघीच. लग्न केलं नाही. "राहून गेलं," म्हणाल्या. माझंही राहूनच गेलंय. मी उगाच फडकं घेऊन पुसलेला ग्लास पुन्हा पुसत बसलो.

मंगळवार, १२ मार्च

आज ती बाटलीभर संत्र्याचा रस घेऊन आली. नमुन्याच्या ग्लासात ओतला – आणि लिंबू गायब! पिवळ्यामागे केशरी आलं की दिसणार काय? खाली पांढरा थर द्यायला हवा. म्हणजे आणखी एक रंग. आणखी एक जाळी. आणखी एक फेरी! मला आनंद लपवता येईना.

"छापलेलं दिसेनासं झालं म्हणून नाचणारा छपाईवाला पहिल्यांदाच बघतोय," काका म्हणाले. अक्का आता तिला उघड उघड लिंबूबाई म्हणते. रस मात्र सगळा तिनंच प्यायला.

गुरुवार, १४ मार्च

वीस ग्लास करून पाहिले. धड निघाले दोन.

जाताना तिनं सहज विचारलं, "माझं हे दुकान तुमच्या अक्कांचं असतं, तर कसं छापलं असतंत?" डिकालनं. डोळे मिटून डिकालनं. म्हणालो, "बघतो."

ती गेल्यावर अक्कानं धरलंच. "जन्मभराची पुंजी लावून दुकान काढतेय ती. तीस तारखेला गिऱ्हाइकाला काय ओंजळीत रस देणार? तुला भेटायचंय तर भेट की सरळ! तिचं काम कशाला नासवतोस?" एक शब्द खोटा नव्हता. लाज वाटली. पण खरं सांगितलं की फेऱ्या बंद. मग तिनं कशाला यायचं?

शनिवार, १६ मार्च

सांगितलं! डिकालच बरं, पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, ग्लास वेळेवर घरपोच करतो, आता यायची गरज नाही.

तिनं विचारलं, "मग आधी का नाही बोललात?"

"पक्षी... पक्षी अवघड होता," म्हणालो. पिशवी उचलून गेली. पक्षी! गाढव आहे मी, शुद्ध गाढव.

मंगळवार, १९ मार्च

कोणी आलं नाही.

सोमवार, २५ मार्च

भट्टी उघडली. दोनशेच्या दोनशे! आत जाताना चोच विटकरी होती, बाहेर आली ती लालचुटूक. संत्र्याचा रस ओतून पाहिला, लिंबू जागच्या जागी. काकांनी तारेच्या घासणीनं जोर लावून घासलं – घासणी झिजली, रंग ढिम्म. बावीस वर्षांत इतकं देखणं काम हातून झालं नव्हतं. अक्का म्हणाली, "कोंबडीसुद्धा गोड दिसतेय." मला गलबलून आलं. तिला वापरताना बघायला मी तिथं नसेन, एवढंच.

बुधवार, २७ मार्च

ग्लास पोचवले. ठेवायला म्हणून तिच्या आईनं कपाट उघडलं. आत दोनशे ग्लास – तेच लिंबू, तोच पक्षी, काम चोख! "बाहेरगावी छापायला दिलेले, येईनात म्हणून ही तुमच्याकडे आली, अन् दुसऱ्याच दिवशी, पाच तारखेलाच आले की हे," आई म्हणाल्या. "तरी तुमच्याकडचे का नको म्हणाली नाही, हिलाच विचारा." ती कानापर्यंत लाल.

उद्या अक्काला घेऊन रीतसर त्यांच्या घरी जाणार आहे.