पट्टा दोन भोकं वर

चौथा स्क्रू निघाला, माझ्या बास गिटारीचं मागचं झाकण सुटलं आणि आतून शिसं बाहेर आलं. मासे धरायच्या जाळ्याला लावतात ते. लांबट, मध्ये भोक असलेलं. मूठभर होतं, चिंधीत गुंडाळून नीट दाबून बसवलेलं. हे शिसं नागपुरात धरमपेठेत मिळत नाही. इतवारीत मिळत असेल. माझ्या ओळखीत ते एकाच दुकानात, काउंटरच्या उजव्या हाताच्या डब्यात असतं. ते दुकान खाप्याला आहे आणि तुमचं आहे.

रुपरावभाऊ, सप्रेम नमस्कार. नमस्कार आधी लिहायचा असतो, पण हातात पेचकस होता. तुमची तब्येत बरी असेल. वहिनींचा गुडघा कसा आहे? दुकानासमोरचा खड्डा बुजवला का? इकडे तुमची बहीण मिनल खुशाल आहे. (जरा जास्तच खुशाल आहे. दिवसभर गुणगुणते, आणि तेही खालच्या सुरात.) हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण आमच्या घरात मधली भिंत एकच आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिनल असते. म्हणून पत्र. आत्ता ती शेजारी पापड लाटायला गेली आहे. मी शाळेतून अर्धी रजा काढून आलो. प्रयोगशाळेच्या किल्ल्या चुकून खिशात आल्या, तेवढा वेळ पोरांनी बाहेर थांबावं.

तर बास गिटारबद्दल. तुम्ही ती मे महिन्यात पाहिली. आमच्याकडे चुना मारायचा होता, मिनल माहेरी निघाली होती, आणि चुन्याचे शिंतोडे नकोत म्हणून मीच ती तिच्यासोबत बसमध्ये चढवली. ती माझी चूक. चार जाड तारा, लांब दांडा, आवाज पोटातून आल्यासारखा. लग्नाच्या स्टेजवर ती वाजत असते तोवर कोणालाच ऐकू येत नाही. थांबली की सगळे विचारतात, काय बिघडलं? देवाजीच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत अकरा वर्षं मी हेच करतो. दिवसभर शाळेत परीक्षानळ्या धुणाऱ्या माणसाला कोणी सर म्हणत नाही. स्टेजवर मात्र निवेदक माझं नाव घेतो. (शेवटी घेतो, लोक जेवायला उठलेले असतात, पण घेतो.) माझ्याकडे ही एकच जागा आहे. ती जाते की राहते, एवढाच या पत्राचा विषय आहे.

ही गिटार मी जुनी घेतली आणि पहिल्या दिवसापासून ती मला छळते. पट्टा दप्तराच्या पट्ट्याएवढा अरुंद, खांद्यात रुतायचा. दांडा इतका जड की हात काढला की खाली जायचा. त्यामुळे डावा हात अर्धा वाजवायचा आणि अर्धा हमाली करायचा. तारा दांड्यापासून इतक्या उंच, की एक सूर दाबायचा म्हणजे हापसा मारायचा. उजवा हात जिथे टेकतो तिथली कड धारेची, तिचा लाल वळ माझ्या हातावर कायमचा होता. (मिनल त्याला माझं गोंदण म्हणायची.) त्यातून देवाजीचा नियम असा, की वाजवणाऱ्यानं उभं राहायचं, बसलं की कार्यक्रम भजनासारखा दिसतो. गेल्या दिवाळीपासून डावा खांदा वर जात नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही वाचून विसरा. मी तक्रार केली नाही. वाद्य आहे, ते छळणारच, अशी माझी समजूत होती. पायात चावत नाही तो जोडा आपला कसा?

ती खाप्याहून परत आली. पहिला कार्यक्रम हळदीचा होता. तिसऱ्या गाण्यात मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तपासलं, तर खांदा दुखत नव्हता. दांडा सोडून पाहिला, तो जागच्या जागी राहिला. तार दाबली, ती लगेच दबली. रुपरावभाऊ, कुठलीही वस्तू आपोआप हलकी झालेली मी अजून पाहिली नाही. गॅसचं सिलिंडर हलकं लागलं तर आपण खूश होतो का? आपण वजन करतो.

मीही केलं. पट्टा बदललेला होता. आता तो हातभर रुंद म्हणावा असा आहे, आतून मऊ कापड लावलेला. (कापडाची किनार ओळखीची वाटली. मिनलला दाखवली. ती म्हणाली, अशा किनारी बाजारात ढीगभर हायेत.) दांड्याची पाठ पूर्वी चिकट होती, ती पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केलेली. हाताखालची कड गोल केलेली. तारा खाली आणलेल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पट्टा दोन भोकं वर घेतलेला. मी वाद्य मांडीवर येईल असं लोंबतं बांधतो, ते रुबाबदार दिसतं. आता ते पोटावर येत होतं. मी पट्टा खाली घेतला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो, तो पुन्हा दोन भोकं वर. तेव्हापासून हे रोज चाललं आहे. म्हणजे माझ्या घरात, माझ्या मागे, माझ्यापेक्षा बुटका कोणीतरी माझी बास वाजवतो.

पहिला संशय पुष्करवर गेला. पुष्कर आमचा कीबोर्डवाला. त्याच्या यंत्रात बासचा आवाजही निघतो, हे तो देवाजीला दर महिन्याला सहज सांगतो. उंची कमी. परवा मला विचारतो, "भाऊ, खांदा बरा हाये ना?" मी खांद्याबद्दल बोललोच नव्हतो. मी जाळं टाकलं. तारांवर टाल्कम पावडर भुरभुरली आणि शाळेत गेलो. संध्याकाळी पाहिलं तर ठसे बारीक बोटांचे होते. पुष्करची बोटं बारीक आहेत. वाद्याच्या अंगावर बारीक ओरखडेही होते, एकाशेजारी एक. पुष्कर हातात कडं घालतो. (एका कड्याचे इतके ओरखडे कसे, हा प्रश्न मी बाजूला ठेवला.) मिनलला विचारलं, दुपारी पुष्कर येतो का? ती म्हणाली, "तो काहून येईल? अन् आला तर तुमची वाट पाहत बसंल का? घरात मी हाओ ना." तिनं हे ओट्याकडे तोंड करून सांगितलं आणि तिचे खांदे हलत होते. कांदा चिरत असावी.

मग देवाजी बोलला. "जितूभाऊ, आजकाल बास मस्त वाजून राहिला गा. शिकवणी लावली काय या वयात?" मग तो म्हणाला, "महिनाअखेरच्या रविवारी महिला मंडळाचा कार्यक्रम हाये. त्याहिले स्टेजवर साऱ्या बायाच पायजेत. तुम्ही आराम करा त्या दिवशी." मी विचारलं, बास कोण वाजवणार? देवाजी पान खाऊन हसला. "सापडली हाये एक. तुमच्याच वळणाची वाजवते."

आराम करा. अकरा वर्षांत हा शब्द माझ्यासाठी कोणी वापरला नव्हता. आज एका रविवारचा आराम, उद्या लग्नसराईचा. तेव्हा पुष्कर सुटला, कारण पुष्कर बाई नाही. राहिली बुटकी, बांगड्या घालणारी, माझ्या वळणाची वाजवणारी कोणीतरी, जिला मे महिन्यात ही गिटार हाताळायला मिळाली. आणि आता हे शिसं. शेपटाकडे वजन टाकलं की दांडा वर राहतो, हे डोकं लावणारी व्यक्ती तुमच्या घरात राहते. रागावू नका, पण तुमच्या मुलीची, पायलची, उंची किती? मी तिला शेवटची पाहिली तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती. ती कॉलेजच्या निमित्तानं नागपूरला येते का? आली तर दुपारी कुठे जाते? बांगड्या घालते का? कळवावं.

वहिनींना नमस्कार, पायलला आशीर्वाद (चौकशी पूर्ण होईपर्यंत बेतानं).

आपला,
जितेंद्र

ता. क. मूळ काम राहिलंच. पायलच असेल तर महिनाअखेरच्या रविवारी तिला खाप्यातच ठेवावं. तिला पाहायला पाहुणे येणार आहेत, असं सांगा. मुलगी घरी थांबण्यासाठी एवढं पुरतं. पाहुणे हवेच असतील तर शाळेतले आमचे दोन शिपाई पोहे खायला कुठेही येतात.

ता. क. दुसरा. पाकीट आणायला खाली गेलो आणि पत्र पलंगावर, उघड्या गिटारीशेजारी राहिलं. परत आलो तर मिनल शेवटचं पान वाचत होती. ती म्हणाली, "पायल तुमच्याहून वीतभर उंच हाये. अन् पोरीची जात मधात काहून ओढली तुम्ही?" मग तिनं शिसं चिंधीत बांधलं, जागेवर बसवलं, चारही स्क्रू लावले, पट्टा गळ्यात घातला आणि हळदीचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. माझ्या दोन नेहमीच्या चुकांसकट. बांगड्या लाकडावर वाजत होत्या.

मी विचारलं, कधी शिकलीस? "अकरा वर्षं ऐकून राहिली. चारच तारा हायेत." मग हे घासणं, शिवणं, शिसं? "पहिल्याच दिवशी मान आखडली माझी. दादाले म्हटलं, हे काही खरं नाही. दादानं कड घासून देली, शिसं देलं, पट्टा मी शिवला." मी म्हटलं, मी इतकी वर्षं तशीच वाजवली. ती म्हणाली, "तुम्ही सोसलं. मी काहून सोसू?" खांद्याबद्दल पुष्करला तिनंच सांगितलं होतं. तुम्ही शर्ट घालता तेव्हा दिसते ना, म्हणाली.

म्हणजे हे पत्र मी आरोपीलाच लिहिलं. तरी पाठवतो, कारण विनंती आता बदलली आहे. पाहुणे रद्द. त्या रविवारी तुम्हीच आजारी पडा. फार नको. बहिणीला धावत यावंसं वाटेल इतपत. मीही माझ्या बाजूनं काम सुरू केलं आहे. ती भाजीला गेल्यावर झाकण उघडलं, शिसं काढून माझ्या जुन्या बुटात ठेवलं, तारा वर चढवल्या, माझा अरुंद पट्टा लावला. वाद्य पुन्हा पूर्वीसारखं छळू लागलं आहे. आता ते माझ्याशिवाय कोणाला झेपणार नाही.

शनिवार, सकाळ. पत्र टाकायला निघालो. जुने बूट घातले, डाव्यात ठेवलेलं शिसं नव्हतं. परत येऊन गिटार उचलली. दांडा जागच्या जागी राहिला, पट्टा रुंद होता, दोन भोकं वर. मिनल दूध आणायला गेली होती. मी तशीच गळ्यात घातली आणि ती येईपर्यंत वाजवली. खांदा दुखला नाही. आजारी पडू नका, त्या रविवारी वहिनींना घेऊन कार्यक्रमाला या. पट्टा मी खाली घेतलेला नाही.