ताटलीचा आवाज

बाबा,

तुम्ही कानातलं मशीन काढून झोपला होतात, म्हणून आरडाओरडा ऐकू आला नसेल. उठवलं नाही. गच्चीवर घारीने सशाच्या पिल्लावर झडप घातली. मी झाडू घेऊन धावले, तेव्हा कुठे तिने सोडलं. पाठीवर नखांच्या दोन खोल जखमा आहेत. त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेतेय. छकुलीही सोबत आहे.

तुम्ही रोज ताटली वाजवून घारींना मटणाचे तुकडे टाकता, हे शेजारच्या काकूंनी आज सांगितलं. छकुली तीच ताटली वाजवून सशाला गाजर खायला बोलावते. आज तिने वाजवली आणि दोघंही आली.

आपल्यामुळेच झालं म्हणून ती रडतेय. संध्याकाळी खरं काय ते तिला तुम्हीच सांगा. माझ्यावर ढकलू नका. चहा थर्मासमध्ये आहे.

ताटली मी कपाटात ठेवली आहे. या घरात हाक मारल्यावर कुणी येत नाही, असं तुम्ही परवा म्हणालात. मी मोबाइलमधून मान वर केली नाही, पण ऐकलं होतं.

सूनबाई