पाचवी मात्रा

ता. ९ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ठकू मजेत आहे, असं लिहायला घेतलं होतं. पण तुझ्यापासून काय लपवायचं? तिची आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती. आत्या असून आईसारखं तूच तिला वाढवलंस, वर्गात शिकवलंस. दुसरं लग्न झाल्यावर मी तिला इकडे आणली खरी, पण ती माझ्या वाऱ्यालाही उभी राहत नाही.

शिवाय एक नवीनच खूळ. जेवताना एकदाच टेबल वाजवते. मग गप्प, नुसते ओठ हलतात. मग पुन्हा एकदाच. तुझी वहिनी धास्तावली आहे, डॉक्टरांना दाखवू म्हणते. काल मी ओरडलो, तर ताट सारून उठली.

तिला परत तुझ्याकडे पाठवू का? तू म्हणशील तसं.

आशीर्वाद आहेतच.
तुझा दादा

ता. १६ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डॉक्टर नकोत. माझ्या वर्गात आठ मुलं गोल करून बसतात, एकेकाची एकेक मात्रा. फळ्यावर भरीव गोल म्हणजे टाळी, पोकळ गोल म्हणजे गप्प. आपली मात्रा येईपर्यंत मनात मोजायचं आणि हात आवरायचे, एवढं शिकवताना माझ्या नाकी नऊ येतात. ठकूची मात्रा पाचवी. ती बाकीच्या सातांसाठी थांबते रे.

इथे तिची जागा तशीच आहे. सरकून बसा म्हटलं तर एकही कार्टं हललं नाही. चौथा टाळी देतो, मग सगळे गप्प, मग सहावी. शेवटी मीच फळ्यावर पाचवा गोल पोकळ काढला.

तिला लगेच पाठव, असं लिहिलेला कागद मी फाडून टाकला. मला ती हवी आहे, फार हवी आहे. पण आज बोलावली तर पोर दोन्ही घरांत पाहुणीच राहील. तू तिच्याशेजारी बस आणि पहिली मात्रा तू दे. चुकशीलच, तुझा ताल मला माहीत आहे. चुकलास की ती हसेल.

रागावू नकोस, लोभ आहे तसाच ठेव.
तुझी धाकटी

ता. २ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मी चुकलो. ठकूने डोळे वटारले, थेट तुझ्यासारखे, आणि मग हसली. आता आम्ही तिघं बसतो. वहिनीने कागदावर चार गोल काढले. पहिला माझा, दुसरा तिचा, तिसरा ठकूचा. चौथा ठकूने पोकळच ठेवायला लावला. कोणाचा म्हणून विचारलं, तर म्हणाली, आत्याचा.

काल ती माझ्या कुशीत झोपली. तुझे उपकार कसे फेडू?

प्रकृतीला जप.
तुझा दादा

ता. १० ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ती तुझ्या कुशीत झोपली हे वाचून फार बरं वाटलं आणि फार रडले. दोन्ही खरं.

आज वर्गात नवीन मुलगी आली. तिला पाचवी जागा दिली आणि फळ्यावरचा गोल भरला. मुलं माझ्याकडे बघत राहिली, मग त्यांनी ताल धरला. ठकूला इतक्यात सांगू नकोस.

तिला एवढंच सांग की आत्याची मात्रा चुकत नाही. एकटी जेवायला बसले की तीन मोजते आणि चौथ्याला टेबल वाजवते. तुमच्यापर्यंत ऐकू येत नाही, इतकंच.

सगळ्यांवर माया असू दे.
तुझी धाकटी