मायच्या फोटोची शाई

नागपूर,
१७ सप्टेंबर १९७३

प्रिय लहानू,

तुझं पत्र येऊन बावीस दिवस झाले. मधे संत्र्यांच्या पेट्यांची लेबलं पोचवायला काटोलला गेलो, अन् तिथेच चार दिवस रमलो. तिथल्या एका बोकडाचा किस्सा आहे, पण तो भेटीत. खरं म्हणजे लिहायची लाज वाटत होती. बाबांना काचबिंदू झालाय, उरलेली नजर हिवाळ्यापर्यंत टिकली तर टिकली, अन् त्याआधी त्यांना तुझ्या आईचा, जयवंतामायचा चेहरा एकदा पाहायचाय, हे वाचलं अन् उत्तराला घेतलेला कागद परत ठेवून दिला. मूळ फोटो तुमच्या ओल आलेल्या भिंतीवर भिजून गेला. राहिली ती मी छापलेली कार्डं.

इतवारीतला छापखाना सोडून मी आता धंतोलीत लागलोय. हा पाचवा, हसू नको. दोन्हीकडे शाई सांभाळायची रीत निराळी. इतवारीत जुने मशीनमन महादेवराव शाईच्या रुळांचा आवाज ऐकायचे. शाई जास्त झाली की रूळ चटचट वाजतात, मग ते शाई कमी करायला स्क्रू पाव फेरा आवळायचे. म्हणायचे, "कानानं पाह्य गा, डोये फसवतात." इथे गोपाळराव फोटोच्या कडेला दहा चौकोनांची पट्टी छापतात, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. दहावा गच्च भरला पाहिजे, पण दुसरा-तिसरा शाईनं चिखलायला नको. पट्टी भरवशाची, पण कान आधी सांगतो. मी आता दोन्ही वापरतो.

मायचा फोटो कोणत्याही रीतीला अवघडच. धम्मदीक्षेच्या दिवशीचं पांढरंशुभ्र लुगडं, अन् काळाभोर चेहरा. शाई वाढवली की लुगड्याच्या चुण्या बुजतात. कमी केली की चेहऱ्यावर राख.

माय गेल्यावर पुण्यानुमोदनाची कार्डं घेऊन मी उमरेडला आलो, तो दिवस आठवतो? बाबांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, अन् मला विचारलं, "हे कोन बाई होय गा?" मी म्हणालो, महादेवरावांना आता ऐकू येत नाही, म्हणून शाई कमी पडली. तू ते खरं मानलंस. वर मलाच चहा दिलास.

लहानू, महादेवरावांच्या कानाला काही झालं नव्हतं. त्यांनी दोनदा बजावलं होतं, "शाई वाढव, बाई आजारी दिसून राह्यली." ते जेवायला गेले अन् मी स्क्रू आणखी आवळला. मुद्दाम. पाव्हण्यांत माय जरा उजळ दिसावी म्हणून. तुमच्या घरी जिच्या हातची भाकर खाऊन वाढलो, तिला तिच्या रंगात दाखवायची मला लाज वाटली. इतवारीहून निघताना तिच्या फोटोचा छापायचा ब्लॉक तेवढा सोबत आणला होता. काल बावन्न कागद वाया गेले, तेव्हा सोबतचा हा एक नीट उतरला. चुण्या मोजून घे, अन् माय काळी आहे. उद्या महादेवरावांचे पाय धरायला जातो. तू हा कागद बाबांच्या हाती दे, कोणाचा फोटो ते सांगू नको. त्यांनी ओळखलं का, तेवढं कळव.

तुझाच,
धोंडबा