सहीआधीचा फोन

तीर्थरूप आईला, इथूनच वाकून नमस्कार.

मी ठीक आहे. जेवण वेळेवर मिळतं आणि गोळीबार नदीपलीकडेच चालतो, तेव्हा बातम्या बघून घाबरू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? बाबा फिरायला जातात की नुसतेच जाऊन आलो म्हणतात?

काल मात्र फार थकलो. इथल्या गावाचा पाण्याचा पंप बंद पडून अकरा दिवस झालेत. दुरुस्तीसाठी दोन्ही बाजूंचे कमांडर तीन दिवस लढाई थांबवायला तयार झाले. बावीस वर्षं लढणारी माणसं ही! मी दुभाष्या म्हणून मध्ये बसलो होतो. कागद टाइप झाला, चहा आला, एकाने दुसऱ्याला मुलीचं लग्न ठरल्याचंही माझ्यामार्फत सांगितलं.

सहीआधी दोघे फोन करायला बाहेर गेले. एकाला तोफा एक मोठा देश पुरवतो, दुसऱ्याला त्या देशाचा वैरी. परत आल्यावर पहिला म्हणाला, "वरून नाही म्हणतात."

मी भाषांतर करणार, तोच दुसऱ्याने हात वर केला. "राहू द्या, चेहऱ्यावरून कळलं. मलाही तेच सांगितलंय. भांडण आमचं आमच्याकडे राहिलं असतं, तर केव्हाच मिटलं असतं." मग म्हणाला, "हे लिहू नका हं."

आज खालच्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात अडवून विचारलं, "पंप कधी सुरू होणार रे?" त्यांची भाषा मला चांगली येते, आई. पण कळलं नाही असं दाखवून मी वर निघून आलो.

जपून राहा.

तुझा,
धाकटा